चकमकीच्या रायफलीचा कान मोठा झाला असेल तर

प्रश्न थोडक्यात असा. ओहायोत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी .५० कॅलिबरची, चकमकीवर चालणारी जुनी रायफल विकत घेतली. दारू घालून गोळी ठासताना कानातून, म्हणजे आग आत नेणाऱ्या नळीच्या बाजूच्या भोकातून, बाहेरच्या वाटीत दारू सांडते. बार उडाला की उजवीकडे हातभर ज्वाळा जाते, त्यामुळे रेंजवरचा शेजारी वैतागला. ३/३२ इंचाचे ड्रिल कानात आरामात जाते. त्यांनी विचारले आहे, "काका, कान वेल्ड करून बुजवू आणि नव्याने पाडू का? की जाड दाण्याची दारू वापरून भागेल?"

वेल्डिंगचे उत्तर आधी देऊन टाकतो: नको. कारण पुढे येईलच. पण तुमचा खरा प्रश्न भोक बुजवण्याचा नाहीच. भोक किती वाढले आहे, कशामुळे वाढले आहे, आणि त्याच्या भोवती नवी बुश धरायला पुरेसे निरोगी पोलाद उरले आहे का, हा खरा प्रश्न. पहिल्या दोन गोष्टी घरच्या टेबलावर कळतात. तिसरीसाठी नळी लाकडातून बाहेर काढावी लागते.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. नोकरी आयुष्यभर टूलरूममध्ये केली, आधी पुण्याला, मग इथे. ठासणीच्या बंदुकांचा नाद इथे आल्यावर लागला. लँकेस्टर परगण्यातल्या जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात ज्या लांब नळीच्या रायफली घडवल्या, त्यांच्याच गावात राहून हा नाद न लागता तरच नवल. १९७४ पासून इथे चकमकीच्या बंदुकीचा वेगळा शिकारीचा हंगाम असतो, नाताळ उलटला की सुरू होतो. त्यामुळे दर डिसेंबरात दोन-चार ओळखीचे लोक "जरा कान बघा हो" म्हणत रायफल घेऊन दारात येतात. खाली लिहिले आहे ते या अनुभवावरून. मी बंदुकांचा परवानाधारक कारागीर नाही, हेही सांगून ठेवतो.

शब्दांचे एकदा ठरवू. इंग्रजीत ज्याला टच होल म्हणतात त्याला आपल्याकडे कान म्हणत. तोफ निकामी करायची तर तिच्या कानात खिळा ठोकत, तोच हा कान. वाटीत घालायच्या बारीक दारूला रंजक म्हणायचे. महादजी शिंद्यांच्या कवायती कंपूंकडे चकमकीच्या बंदुका होत्या, बाकी मराठी फौजेत बहुतेक तोड्याच्या. पण कान आणि रंजक दोन्हीकडे तेच. घोड्याच्या जबड्यात गार धरलेली असते, ती ज्या पोलादी झडपेवर घासून ठिणग्या पाडते तिला मी फ्रिझनच म्हणेन, कारण तिच्यासाठी तोंडात बसलेला मराठी शब्द माझ्याकडे नाही.

आता माप. .४५ ते .५४ कॅलिबरच्या रायफलीला कानाचे भोक १/१६ इंच असावे, म्हणजे जवळजवळ १.६ मिमी. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत अर्धा सूत. काही जण ते मुद्दाम ७० थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवतात, कोणी ५/६४ इंचापर्यंत म्हणजे २ मिमीपर्यंत जातात. तिथपर्यंत मी फारसे काही म्हणत नाही. तुमचे ३/३२ म्हणजे पाऊण सूत, २.४ मिमी. अर्ध्याचा पाऊण झाला तर फार काही वाटत नाही, पण वायू निघून जातो तो क्षेत्रफळातून. व्यास दीडपट झाला की क्षेत्रफळ सव्वादोनपट होते. गोळीच्या मागे लागायचा दाब तेवढ्या मोठ्या खिडकीतून बाजूला फुकट जातो. गोळी थोडी खाली लागते, आणि त्याहून वाईट म्हणजे दर बाराला वेग वेगळा पडतो, त्यामुळे निशाण्यावर छिद्रांची उभी रांग दिसते. कानाशेजारचे लाकूड काळवंडते. माणसाचा कान मोठा झाला तर त्याला जास्त ऐकू येईल. बंदुकीचा मोठा झाला की ती नुसती जास्त बोलते.

मात्र वाटीत दारू सांडते एवढ्यावरून निकाल देऊ नका. ३एफ या बारीक दारूचे दाणे साधारण ०.३ ते ०.८ मिमीचे असतात. गोळी गजाने खाली रेटताना नळीतली हवा कानातूनच बाहेर पडते आणि चार दाणे सोबत घेऊन येते. अगदी बरोबर मापाच्या कानातूनही ते येतात. चिमूटभर ढीग साचत असेल, वाटीचा तळ झाकला जात असेल, तर मात्र शंका घ्या. मोठ्या कानाचा खरा धोका इथेच आहे, आणि तुम्ही तो प्रश्नात लिहिलेला नाही म्हणून मी लिहितो: तुम्ही गज हातात धरून नळीच्या तोंडाशी असता तेव्हाच बंदुकीने स्वतःच्या वाटीत स्वतःच रंजक भरून घेतलेली असते. चुकून एक ठिणगी पडली तर बार तुमच्या हातावर. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत ही रायफल उडवायची नाही. तरीही कोणी उडवणारच असेल तर भरताना घोडा खाली, फ्रिझनवर कातडी टोपी, आणि कानात पिसाची काडी खोचलेली हवी. ती काडी रंजक घालण्याआधी काढायची. जुने लोक पीसच वापरत, कारण ते मऊ असते आणि कान खात नाही.

२एफची जाड दारू घालून भागेल का? सांडणे कमी होईल. ज्वाळा तशीच जाईल, दाब तसाच वाया जाईल. छपराला भोक पडले म्हणून खाली मोठे भांडे ठेवण्यासारखे आहे ते.

तपासणी करू. सगळ्यात आधी नळी रिकामी आहे याची खात्री, आणि ती तोंडाने विचारून नाही, गजाने करायची. गज नळीत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढून नळीच्या शेजारी लावा. टोक कानाच्या जरा मागेपर्यंत पोहोचले पाहिजे. दोन बोटे अलीकडे थांबले तर आत काहीतरी आहे. जुन्या खरेदीत ते "काहीतरी" कित्येकदा दहा वर्षांपूर्वी भरून विसरलेला बार असतो. तसे असेल तर हे पुढचे सगळे बंद करा आणि जाणकाराकडून तो बार काढून घ्या. नळीजवळ ड्रिल न्यायचे नाही.

मग चकमकीची कळ लाकडातून सोडवा, म्हणजे कान मोकळा दिसेल. पितळी ब्रश आणि कोमट पाण्याने कान आतून-बाहेरून धुवा. काजळीचा थर चढलेला कान लहान दिसतो आणि झिजलेला कान गोल दिसतो, दोन्ही फसवतात. आता ड्रिलचे शेंडे नव्हे, मागचे गुळगुळीत दांडे घ्या आणि लहानाकडून मोठ्याकडे एकेक घालून बघा. शेंडा कानात फिरला तर तो कापतो, आणि तुम्ही मोजता मोजता कान वाढवता. हे मी हसून लिहीत नाही, माझ्यासमोर घडलेले आहे. जो दांडा सैल न होता अडकून बसतो ते माप लिहून ठेवा. दांडा आत असताना वर-खाली आणि पुढे-मागे हलवून बघा. एकाच दिशेने हलतो का? मग कान अंडाकृती झाला आहे.

भोकाच्या आकारावरून ते कोणी वाढवले हेही कळते. कडा स्वच्छ, भोक गोल, माप नेमके एखाद्या प्रमाणित ड्रिलचे, असे असेल तर आधीच्या मालकाने हाताने मोठे केले आहे. कडा वितळल्यासारख्या, आत फनेलसारखे पसरलेले, एका बाजूला ओघळ गेलेला, असे असेल तर ते गरम वायूचे काम. तिसरा प्रकार म्हणजे कान मोकळा करायला कडक पोलादी सुई वर्षानुवर्षे वापरली, तिने खालची कड खाल्ली. तुमचे ३/३२ चे ड्रिल "आरामात" जाते म्हणता, त्यामुळे माझा अंदाज पहिल्या प्रकाराचा आहे. पण अंदाजच.

मालक कान का वाढवतात, हे मला चांगले माहीत आहे, कारण मी एक नळी अशीच बिघडवली आहे. पहिल्याच वर्षी माझी रायफल उशिरा पेटायची. फ्स्स... मग धडाम. चार जणांनी चार सल्ले दिले, मी त्यातला सगळ्यात सोपा उचलला: कान वाढव. १/१६ चा ५/६४ केला, फरक नाही. ५/६४ चा ३/३२ केला, तरी नाही. दोष गारेचा होता, बोथट झाली होती. आणि साफ केल्यावर नळीत राहिलेले तेल कानात उतरून दारू भिजवत होते. भर म्हणून मी वाटीत रंजक इतकी भरायचो की कान तिच्याखाली गाडला जायचा. मग रंजकेला कानातून वातीसारखे जळत जळत आत जावे लागते. रंजकेच्या भडक्याची आच कानातून आत पोहोचली पाहिजे, वात जळत जाता कामा नये. वाटी अर्धी भरली, गार बदलली, नळी स्पिरिटने पुसली, आणि रायफल झटक्यात पेटायला लागली. तेव्हा कान मात्र पाऊण सुताचा होऊन बसला होता. म्हणून, दुरुस्ती झाल्यावरही तुमची रायफल उशिरा पेटली तर ड्रिलकडे हात नेण्याआधी हे तिन्ही तपासा.

आता नळी लाकडातून काढा. खुंट्यांवर बसवलेली असेल तर खुंट्या कोणत्या बाजूने बाहेर येतात ते बघून हळू ठोका, लाकूड चिरते. आपल्याला दोन मापे हवीत.

पहिले, कानाच्या जागी भिंत किती जाड आहे. अष्टकोनी नळीच्या समोरासमोरच्या पैलूंमधले अंतर कॅलिपरने घ्या, त्यातून आतला व्यास वजा करा, निम्मे करा. .५० ची नळी १५/१६ इंचाची असेल तर भिंत साधारण ५.५ मिमी येते. १३/१६ इंचाची असेल तर ४ मिमीच्या आसपास. हा फरक महत्त्वाचा. लायनर म्हणजे मधोमध भोक असलेली आटेदार बुश. सर्रास मिळणारे माप पाव इंच व्यास, इंचाला २८ आटे. ५.५ मिमी भिंतीत त्याचे सहा आटे बसतात, ४ मिमीत चार. सहा असले की मी निश्चिंत असतो. चार असले तर मी बारीक आट्याचे, १०-३२ चे (१० नंबरच्या स्क्रूच्या जाडीचे, इंचाला ३२ आटे) लायनर शोधतो. पण तुमचा कान आतून किती पसरला आहे त्यावर ते चालेल की नाही ठरते. फनेल मोठे असेल तर १०-३२ च्या आट्यांना धरायला तिथे धातूच उरत नाही. मग ते काम तुमचे नाही, माझेही नाही. नवी नळी किंवा अनुभवी कारागीर.

दुसरे, बूच कुठे संपते. नळीच्या मागच्या टोकाला आट्यांनी बसवलेला ब्रीच प्लग असतो, अर्धा ते पाऊण इंच लांबीचा. सपाट टोकाची काठी नळीत घालून ती प्लगच्या तोंडाला टेकवा, तोंडाशी खूण करा, मग तीच काठी बाहेरून लावून प्लगचे तोंड कुठे येते ती रेघ नळीवर पेन्सिलने काढा. कानाचा मध्य या रेघेच्या किती पुढे आहे? पाव इंची लायनरची त्रिज्या ३.२ मिमी. कान त्याहून कमी पुढे असेल तर लायनर प्लगच्या आट्यांत घुसतो. काही कारागीर प्लग जागेवर घट्ट असताना दोन्हींतून एकत्र आटे पाडतात आणि ते वर्षानुवर्षे टिकते. मी पहिल्याच लायनरला हात घालणाऱ्याला ते करू देणार नाही, कारण त्यानंतर लायनर न काढता प्लग कधीच फिरवता येत नाही, आणि हे पुढच्या मालकाला कोण सांगणार?

बरे, कान चुकीच्या जागी असेल तर लायनरने थोडी सुधारणाही होते. उंचीला कानाचा मध्य वाटीच्या वरच्या काठाच्या रेषेत किंवा किंचित वर असलेला मला आवडतो. नवे भोक साडेपाच मिमीचे पडणार आणि त्यात जुने २.४ मिमीचे भोक पूर्ण गिळले गेले पाहिजे. हिशेब केला तर मध्य जास्तीत जास्त दीड मिमी सरकवता येतो. प्रत्यक्षात एक धरा. जुना कान वाटीच्या तळाशी पडला असेल, प्लगला खेटून पाडला असेल, तर हा एक मिलिमीटर सोन्यासारखा.

इथवरचे एकदा जमवून घेऊ. कान २ मिमीपर्यंत, गोल, कडा धड: काही करू नका, रंजक आणि गार सुधारा. त्याहून मोठा किंवा अंडाकृती, भिंत जाड, कान प्लगपासून पुरेसा पुढे: लायनर बसवा. भिंत पातळ, आतून फनेल, प्लगशी भांडण, किंवा कुठेही बारीक चीर: बंदूक भिंतीवर टांगा आणि जाणकाराला दाखवा. आणि रायफल खरोखर दोनशे वर्षांची असेल तर वरच्यापैकी काहीच करू नका. जुन्या कारागिरांनीही झिजलेले कान बुश घालून दुरुस्त केलेले आहेत, उंची इंग्रजी बंदुकांना तर सोन्याचे आणि पुढे प्लॅटिनमचे कान बसवत, कारण हे धातू त्या आचेला आणि गंजाला दाद देत नाहीत. तुमच्या नळीत आधीच एखादे लायनर असेल तर कानाभोवती केसासारखे बारीक वर्तुळ दिसेल. मग काम अर्ध्यावर आले: जुने काढायचे, नवे घालायचे.

वेल्डिंग का नको? अमेरिकेतल्या अनेक आधुनिक ठासणीच्या नळ्या १२एल१४ या शिसे मिसळलेल्या पोलादाच्या असतात. ते लेथवर लोण्यासारखे कापले जाते, पण वेल्डला तडे जातात, तेही आत, न दिसणारे. शिवाय ही आच तुम्ही नळीच्या सगळ्यात जास्त दाबाच्या जागी देणार, प्लगच्या आट्यांशेजारी. आत पडलेला वेल्डचा गोळा कसा घासणार? एपॉक्सी, चांदीचे डाग, हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्क्रू ठोकून मधून भोक, हे सगळे मी बघितले आहे. शेवटचा उपाय चालतो तरी, पण त्यात एक खोट आहे. सरळ भोक साडेपाच मिमी लांबीचे राहते, त्यात दारू शिरते आणि वातीसारखी जळते. चांगल्या लायनरला आतून शंकूसारखी खोलगट वाटी कोरलेली असते. मुख्य दारू तिच्यात उतरून रंजकेच्या अगदी जवळ येते, मधे अरुंद भोक जेमतेम मिलिमीटरभर उरते. नुसते भोक लहान करण्यापेक्षा हा फायदा मोठा. म्हणून तयार लायनरच घ्या, स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियम ब्राँझचे. लेथ घरात असूनही मी विकतच आणतो.

बसवण्याचे काम. हातड्रिलने नाही, पिलर ड्रिल हवे, नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. नळीचा कानाचा पैलू वर, टेबलाशी समांतर, डायल गेज लावून तपासलेला. कान मोठा आणि वाकडा असल्यामुळे ड्रिल त्याच्या मागे वाहवत जाते, हा या कामातला मुख्य त्रास. मध्य सरकवायचा नसेल तर कानात बसेल अशी निमुळती पिन चकमध्ये धरून आधी स्पिंडल कानावर आणा, मग नळी घट्ट करा. सरकवायचा असेल तर ड्रिलने सुरुवात करू नका, लहान एंडमिलने (सपाट तोंडाच्या मिलिंग कटरने) करा; तो जुन्या भोकाचे ऐकत नाही. नळीत घट्ट बसेल असा लाकडी किंवा पितळी दांडा आधी घालून ठेवा. ड्रिल पलीकडे निसटले तर दांड्यावर जाईल, समोरच्या भिंतीवर नाही. भोक टप्प्याटप्प्याने वाढवत ३ नंबरच्या ड्रिलपर्यंत, २१३ थाऊ. ७/३२ इंचही चालते, पण आटे जरा उथळ पडतात आणि इथे मला भरलेले आटे हवे असतात.

आता दांडा काढा. टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, त्याच चकमध्ये धरा, मशीन बंद ठेवून हाताने फिरवा, म्हणजे तो सरळ शिरेल. कटिंग तेल भरपूर, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. टॅपचे निमुळते टोक नळीत उतरते आणि समोरच्या भिंतीला टेकू शकते. .५० च्या नळीत १२.७ मिमी जागा आहे, तिथे सहसा निभावते; .३६ वा .४० च्या नळीत टॅपचे टोक घासून आखूड करावेच लागते. आटे पाडून झाले की नळी आतून धुऊन पुसा. एखादा कीस राहिला तर पहिल्याच सफाईत तो नळीभर ओरखडा काढील.

लायनर आतून नळीच्या पृष्ठभागाशी जुळले पाहिजे. बाहेर आले तर सफाईचा कपडा दर वेळी त्याला अडकतो, काजळी त्याच्या आडोशाला साचते. फार आखूड राहिले तर आटे उघडे पडतात आणि वायू तिथूनच खायला सुरुवात करतो. मार्करने टोक रंगवा, बसवा, नळीत कपडा फिरवा, काढा, जिथे घासले तिथे कानस, पुन्हा. चार-पाच फेऱ्या होतात, चहा थंड होतो. शेवटी आटे स्पिरिटने स्वच्छ करून, पुढे काढता यावे म्हणून उच्च तापमानाच्या अँटीसीझची पुसटशी बोटभर लावून घट्ट बसवा. बाहेर उरलेला भाग कानशीने पैलूशी सपाट करा. मी पाव इंचीच लायनर घालतो, मोठे नाही, याचे कारण साधे: वीस वर्षांनी हे झिजले तर ५/१६ चे घालायला पुढच्या माणसाला जागा राहते.

लायनरचे भोक जितके आले तितकेच, १/१६ चेच ठेवा. आधी वीस-पंचवीस बार त्यावर काढा. मग खरेच हळू वाटले तर एका नंबराने वाढवा, हातातल्या पिन व्हाईसमध्ये धरून, मशीनवर नाही. ७० थाऊला मी थांबतो.

पहिले दोन-तीन बार खांद्याला लावून काढू नका. रायफल जुन्या टायरवर बांधा, चापाला लांब दोरी, सगळे मागे. दारू काळीच, आणि नळीच्या निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेच्या आत. बिनधुराची दारू ठासणीच्या नळीत चमचाभरसुद्धा कधीही नाही. नंतर लायनरच्या कडेभोवती बघा. काजळीचे बारीक वर्तुळ किंवा एखादा पट्टा दिसला तर वायू आट्यांतून निसटतो आहे, काढून पुन्हा बसवा. हे झाल्यावर रेंजवर शेजाऱ्यासाठी वाटीच्या बाहेरच्या बाजूला पितळी आडोसा लावा. बरोबर मापाच्या कानातूनही थोडी ज्वाळा येतेच, आणि बऱ्याच रेंजवर तो आडोसा लागतोच.

कायद्याचे दोन शब्द. अमेरिकेत चकमकीची ठासणीची रायफल केंद्रीय कायद्यात सहसा पुराण्या शस्त्रांत मोडते, पण राज्याचे नियम वेगळे असू शकतात. ओहायोचे तुम्ही बघून घ्या. हे वाचणारे भारतात असतील तर तिथे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. कोकणात शेतीच्या राखणीला असलेली ठासणीची बंदूक बहुधा केपाची असते, तिला असा कान नसून निपल असते. ती झिजली तर परवानाधारक कारागिराकडे न्या, घरी प्रयोग नको.

तुम्ही मला चार गोष्टी कळवा: कोणत्या मापाचा दांडा अडकतो, भोक कोणत्या दिशेने हलते, पैलूंमधले अंतर किती, आणि प्लगच्या रेघेपासून कानाचा मध्य किती पुढे. शक्य असेल तर कानाचा एक जवळून काढलेला फोटो, काजळी धुतल्यानंतरचा. त्यावरून पाव इंची लायनर बसेल की नाही हे मी सांगू शकेन, तोवर टॅप विकत घेऊ नका.